पाहणीसाठी पोतारलेलं घर

घरकुलाच्या पाहणीला तालुक्याहून साहेब येणार असं ग्रामपंचायतीच्या शिपायानं सांगितलं, आणि माझी आई सणासारखी कामाला लागली. एकोडीतलं आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर छपराला कवेलू, म्हणजे मातीची कौलं. वडील गेल्यापासून ती दरसाल फेरून नीट बसवायला कुणी नव्हतं. श्रावणात झड लागली की चारपाच ठिकाणी गळायचं आणि आई दिवसरात्र गळतीखाली गंज-पातेली सरकवत बसून राहायची. पक्कं घर मिळालं तरच तिची यातून सुटका होणार होती.

दोन दिवस खपून तिनं भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या, मोठी भेग लिंपून टाकली, जमीन सारवली, दारात रांगोळी घातली. शेजारून खुर्च्या आणि कपबशा आणल्या. मी कॉलेजात शिकणारी शहाणी मुलगी, पण मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की घर असंच सजतं. साहेबांनी चहा घेतला, घराची तारीफ केली, फोटो काढला आणि गेले. यादी लागली तेव्हा तिच्यात आईचं नाव नव्हतं. फोटोतलं घर चांगलं राहण्याजोगं दिसत होतं.

मी आईवर इतकी चिडले की दोन दिवस धड बोलले नाही. चूक माझीही होती, म्हणून जास्तच. मग हरकतीचा अर्ज मीच लिहिला, तालुक्याला खेपा घातल्या. पुन्हा पाहणी ठरली, तेव्हा अख्खा मोहल्ला सल्ला द्यायला जमला. केर काढू नका, चूल लिंपू नका, एखादी बकरी आत बांधा. मी तर झाडूच लपवून ठेवला.

आईनं शेजारणीचा आणला आणि अंगण झाडायला घेतलं. मी अडवलं तर म्हणाली, "गरीब आहो म्हणून घाणीत बसाव का? घर पडकं आहे, तं पडकंच दाखवू. पण झाडून दाखवू."

या वेळी पाहणीला एक बाई आल्या होत्या. आईनं त्यांना थेट मागच्या खोलीत नेलं. लिंपलेली भेग काठीनं स्वतःच उकरली, छपराचं टेकू दिलेलं आढं दाखवलं. मग म्हणाली, "मागच्या बारीले म्या लपवलं, बाई. लाज वाटली."

त्या पोतारण्याला मी पाहुणचाराची हौस समजत होते. लाज मला दिसलीच नव्हती.

बाईंनी सगळे फोटो काढले आणि पुढच्या यादीत नाव आलं. बांधकाम रखडत रखडत वर्षभर चाललं, रेतीसाठी भांडावं लागलं, एका बाजूचं प्लास्टर अजून बाकी आहे. त्यावरून मी कुरकुरते, आई नाही.

यंदाच्या झडीत एका दुपारी मी भिजत घरी आले आणि दार लोटलं. स्लॅबवर पाऊस धडधडत होता, आणि आई हातपाय पसरून घोरत होती. इतक्या वर्षांत पावसात झोपलेली आई मी पहिल्यांदाच पाहिली.