वण राहील, असे सांगणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट जुन्या जालन्यातल्या त्यांच्या दवाखान्यात झाली. खाली कापडाचे ठोक दुकान आणि वर दवाखाना. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी एका स्थानिक दैनिकाची महिला पुरवणी सांभाळत होते. स्तनांच्या अतोनात भाराने ज्यांची मान, पाठ, खांदे कायमचे धरलेले असतात, अशा बायकांवर वसुधाताई शस्त्रक्रिया करतात, एवढे कानावर आले होते. संध्याकाळी पुरवणीचे पान लावायचे होते, म्हणून मी थेट विचारले, "टाक्यांचे वण पुसून जातात ना?"

"राहतात," त्या म्हणाल्या. "फिके होतात, पण वर्ष-दीड वर्ष जातं. काहींचे जाडही होतात. पुसून जातात असं छापणार असाल, तर माझं नाव घालू नका."

मी जसेच्या तसे छापले. तो लेख तीर्थपुरीला माझ्या धाकट्या बहिणीने, सुमनने वाचला आणि मला एका शब्दाने न विचारता ती एस.टी.त बसून त्यांच्याकडे गेली.

मला हे कळले ते अंकाची प्रत द्यायला गेले तेव्हा. ऐन उन्हाळ्यात ओढणीची दुहेरी घडी छातीवर घेऊन सुमन बाकावर बसली होती. "डॉक्टरबाईला दाखवून राह्यले. तू जाय घरी," म्हणाली. मी तिची थोरली बहीण. खांद्यांवर पट्ट्यांनी पडलेल्या खाचा, छातीखाली घामाने सोलवटणारी कातडी, रात्रंदिवस पाठीत भरलेली कळ, यातले काहीच तिने मला कधी सांगितले नव्हते. वसुधाताईंना एका बैठकीत सांगून मोकळी झाली. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात शोभत नाही, तरी लिहिते: त्या दिवसापासून मला वसुधाताईंचा हेवा वाटत आला आहे.

त्यांची एक रीत आहे. शस्त्रक्रियेआधी त्या प्रत्येकीची गाठ आधी बऱ्या झालेल्या एखाद्या बाईशी घालून देतात. ती पडद्याआड आपले वण दाखवते. पुढे ही बरी झाली आणि तिची इच्छा असली, की तीही कोणासाठी तरी येते. सुमनसाठी हसनाबादहून शेतकरी घरातली एक बाई आली होती. मी बाहेर बाकावर. आतून आवाज आला, "पह्यले सा महिने लाल व्हता गं, खाजायचा बी. आता बघ. पाठ मातर तवाच मोकळी झाली." सुमनने हळू आवाजात काही विचारले असावे, कारण दोघीही खदखदून हसल्या. सुमनला तसे हसताना मी लहानपणानंतर ऐकले नव्हते. मी उठू लागले, तर वसुधाताईंनी मला हाताला धरून बसवले आणि स्वतःही शेजारी बसल्या. "आतलं आपल्यासाठी नाही," म्हणाल्या.

सुमनचे लग्न व्हायचे होते. आईचा घोर एकच, वण राहिला तर हिला करील कोण? वसुधाताईंनी आईची खोटी समजूत घातली नाही. वण राहील, काही भाग बधिर होईल, पुढे बाळाला दूध पुरेलच असे सांगता येणार नाही, हे सारे तिला समोर बसवून सांगितले. मग विचारले, बरी होईपर्यंत घरात पाण्याचा हंडा कोण उचलणार? आई म्हणाली, मी.

शस्त्रक्रिया नीट झाली. सुमन घरी गेली आणि आईने तिला बाळंतिणीसारखे धरले. दवाखान्यातून आलेल्या बाईची सेवा करायची दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती. बाजेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, ओव्याची धुरी. धुरीचा वास गल्लीभर गेला, तेव्हा शेजारीण दारात येऊन, वरातीच्या आधीच बारसं का, असे विचारून गेली. आई तिला पुरून उरली. पण गरम फडक्याने छातीलाही शेक दिला गेला, चटका सुमनला कळलाच नाही आणि वणाशेजारी मोठा फोड आला.

दोघी जालन्याला आल्या त्या माझ्या घरावरून पुढे, थेट दवाखान्यात. मला आईने नंतर रडत रडत सांगितले. रडत होती ती फोडामुळे नाही. वसुधाताई तिच्यावर रागावल्या नव्हत्या, म्हणून.

"आई, चूक माझी," त्या म्हणाल्या होत्या. "बधिर राहील म्हटलं, पण चटका कळणार न्हाई असं फोडून सांगितलं न्हाई."

"मंग मी काय करू हो? नुसती बसून बघू?"

"पाठीला शेक द्या. इतकी वर्षं ओझं तिनंच वाह्यलंय."

तेव्हापासून दवाखान्यात प्रत्येकीच्या आईला किंवा सासूला आत बोलावून शेकाचे आधी सांगितले जाते. सुमनचा फोड भरला, डाग मात्र राहिला.

पुढे स्थळ आले. सांगायचे की लपवायचे, यावर घरात वाद झाला. माझे मत तयार होते, कोणी विचारले नाही. सुमनने वसुधाताईंना विचारले. वण तुझा आहे, सांगणंही तुझंच, एवढेच त्या म्हणाल्या. सुमनने मुलाला स्वतः सांगितले. त्याने विचारले, आता पाठ दुखते का? लग्न झाले.

आज सुमन सासरहून खास त्या पडद्याआड जाऊन अनोळखी बायकांना आपले वण दाखवते, आणि भाजल्याचा डाग सर्वांत आधी. मी ते अजून पाहिलेले नाहीत. हा लेख लिहू का, असे तिला विचारले, तर म्हणाली, "लिही. पण ताईचं कमी लिहू नको." ताई ती मलाही म्हणते. इथे कोणती ताई, हे मी विचारले नाही.

वसुधाताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पडद्याआड बायका अशाच हसत राहोत. मी बाहेरच्या बाकावर बसायला तयार आहे, शेजारी मात्र त्याच हव्यात.