चेंबरचा नट मी आवळला व्हता

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. देवापाशीपण न्हाई, कारण त्याला सांगून काय उपेग — तो काय बबनला जाऊन सांगणार आहे? तुमाला सांगतो, कारण तुमी माझे कुणी लागत न्हाई. तोंड वाकडं करायचं असंल तर आत्ताच करा, आन उठून जा. मला फरक पडत न्हाई.

बबन म्हणजे माझा मेव्हणा. माझ्या बायकोचा, कमलचा, पाठचा भाऊ. डिंगोऱ्यात त्याचं गॅरेज आहे. आमाला पोरबाळ न्हाई, म्हणून कमलला सगळ्या जगात दोनच माणसं — मी आन बबन. मला तो कधीच आवडला न्हाई. का? लई हसायचा. हाताला ग्रीस आन तोंडाला हसू. माणूस चांगला व्हता, हे तर मला जास्तच खुपायचं.

माझ्याकडं जुनी व्हॅन व्हती. बारीकसारीक काम घरीच करायचं असं मी ठरवलं. दर वेळी मेव्हण्याच्या दारात कशाला उभं राहायचं? नट खोलायचे पाने घ्यायला मंचरच्या दुकानात निघालो, तर कमल म्हणाली, बबनला संगं न्या, त्याला त्यातलं कळतं. नेला. दुकानात लाल पेटीत एक रॅचेट व्हता, चांदीसारखा चमकत. रॅचेट म्हणजे कडकड वाजत फिरणारा पाना. नटावरनं सारखा काढून परत बसवावा लागत न्हाई. त्याच्या मागं खटका असतो. खटका एका बाजूला केला की आवळतो, दुसऱ्या बाजूला केला की खोलतो. मी तो उचलला.

बबन म्हणाला, "दाजी, ह्यो नगा घेऊ. ह्याचे दाते बघा किती जाड. गाडीखाली हात हलवायला जागा नसती, बारीक दात्याचा घ्या. आन खटका बघा केवढुसा! उताणं पडल्यावर अंगठ्याला घावायचा न्हाई."

मी म्हणालो, मला ह्योच पायजे.

तर हा दुकानदारासमोर म्हणतो, "मग देव्हाऱ्यात ठेवा दाजी, हळदकुकू वाहा. गाडीला तेवढा लावू नका!"

दुकानदार पोट धरून हसला. मी जावई माणूस — मला भर दुकानात हसायचं? तोच रॅचेट घेतला. दुसरा बरा आहे हे मला दिसत व्हतं, राव. डोळे फुटले नव्हते माझे. दिसत व्हतं म्हणूनच न्हाई घेतला.

पुढं एकदा बबन आमच्याकडं कळंबला आला आन व्हॅनचे ब्रेक नीट करून गेला. जाताना म्हणाला, ऑइल पार काळं झालंय, गॅरेजला आणा, बदलून देतो. तो गेल्यावर मीच बदललं. कमल रानात शेंगा तोडत व्हती, तिला पत्ता न्हाई. गाडीखाली शिरलो, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट खोलला, जुनं तेल खाली सोडलं, नट हातानं परत बसवला, रॅचेट लावून आवळला आन वरनं नवं तेल वतलं.

आता माझी अक्कल ऐका. बबनच्या गॅरेजात एक लांबडा पाना व्हता. नट पायजे तेवढा घट्ट झाला की तो कट्ट करून वाजायचा. ते मी पाहिलेलं. माझ्या डोक्यात बसलं — पाना वाजला म्हणजे नट घट्ट झाला. आन माझा रॅचेट तर पहिल्याच झटक्याला कडकड वाजला! मी गाडीखाली पडल्या पडल्या खूश. म्हटलं, बघ बबन, तुझ्यापेक्षा माझा पाना भारी. खरं म्हणजे खोलल्यावर खटका उलटा करायचाच राहिला व्हता. पाना नुसता वाजत व्हता. नट हातानं फिरवला तेवढाच बसलेला.

त्याच आठवड्यात आमी पारगावला लग्नाला निघालो. वाटेत नट गळून पडला, तेल सगळं रस्त्यावर, आन इंजिन जाम. लोक जमले. एकजण खाली वाकून म्हणाला, "काका, चेंबरला नटच न्हाई! कुणाच्या हातचं काम हाय ह्ये?" कमल माझ्याकडं बघत व्हती.

मी म्हणालो, "बबनच्या."

एवढाच शब्द. पुढं मला काही करावं लागलं न्हाई. तिनं तिथंच उन्हात उभं राहून त्याला फोन लावला. "जीव घ्यायचा व्हता का रं आमचा?" त्यानं सांगितलं असणार, की आपण चेंबरला हातच लावला न्हाई. कारण ती वरडली, "मग काय माझा नवरा खोटा?" — आन मी शेजारी उभा, व्हॅनच्या टपावर हात ठेवून. खरं सांगू? मला बरं वाटलं. लग्न झाल्यापास्नं पहिल्यांदा ती भावाच्या बाजूनं बोलली नव्हती.

त्या दिवाळीला तो आला न्हाई, ही गेली न्हाई. भाऊबीजेला कमलनं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ न्हाई त्या बाया ओवाळतात चंद्राला. हिचा भाऊ जिता व्हता, जुन्नरच्या पल्याड, गाडीनं जाऊन दिवसात परत यावं एवढ्या वाटेवर. शेजारीण म्हणाली, "कमळे, चंद्र काय ओवाळणी घालतो गं तुला?" कमल हसली न्हाई. मी ओट्यावर बसून करंजी खात व्हतो. पुढच्या साली तेच. त्याच्या पुढच्या साली तेच. कितीदा तोंड उघडता आलं असतं? करंजी खायला उघडतच व्हतो की.

तुमाला वाटंल, हेच ते. न्हाई. इथवर मी नुसता खोटारडा व्हतो.

गेल्या थंडीत कमलच्या छातीत पाणी झालं. मंचरला दवाखान्यात ठेवली. बोलायला दम पुरत नव्हता. तरी म्हणाली, "बबनला बोलवा." तिचा राग गेला व्हता — मरायला टेकलेल्या बाईला नट कशाला आठवतोय? मला आठवला. समजा बबन येऊन खाटेवर बसला, आन म्हणाला, आक्का, तुझ्या गळ्याची आण, मी हात लावला नव्हता — तर? त्याच्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं असतं.

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. फोन खिशातनं काढलापण न्हाई. जरा वेळ भिंतीला टेकून उभा राहिलो, आत आलो, म्हणालो, "लावला व्हता. उचलत न्हाई."

सांजच्याला तिनं परत सांगितलं. मी परत बाहेर जाऊन आलो. ह्या वेळी म्हणालो, "उचलला. पर येत न्हाई म्हणतो."

तिनं भिंतीकडं तोंड केलं.

तुमी तिथं असता तर काय केलं असतं, हे मी विचारत न्हाई. तुमी नव्हता. मी व्हतो. मला तिच्यापुढं खोटं पडायचं नव्हतं, म्हणून भावाला नकोशी झाली असं समजून ती गेली.

सवाष्ण गेली की माहेरची साडी अंगावर पडल्याबिगर उचलत न्हाईत. शेजाऱ्यांनी बबनला कळवलं. तो गॅरेजच्या कपड्यांतच आला. हाताचा ग्रीस लागू नये म्हणून हिरवी साडी पिशवीसकट वर धरलेली. ती त्यानं बायांकडं दिली, त्यांनी कमलवर घातली. मग तो माझ्याकडं आला. भांडायला आला असता तर मी तयार व्हतो. शिव्यासुद्धा जुळवून ठेवल्या व्हत्या. तो हळूच म्हणाला, "दाजी, आक्कानं माझं नाव काढलं व्हतं का?"

लोक बघत व्हते.

मी म्हणालो, "न्हाई."

त्यानं मान हलवली आन खांदा द्यायला पुढं झाला.

काढलं व्हतं. शेवटचं पाणी मी तिच्या तोंडात घातलं. ते गिळायच्या आधी तिनं त्याचंच नाव घेतलं. माझं न्हाई.