चांदीबाईचं ब्लडप्रेशर

तुमच्या या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचून चरफडते. पांढरी साडी काय, उलटी पावलं काय... माझी उभी नोकरी माणसं मरताना बघण्यात गेली. मेलेल्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे — अंग ताठतं, उन्हाळ्यात लवकर वास सुटतो, आणि नातेवाईक दागिन्यांवरून कुजबुजायला लागतात. यापलीकडे काही असतं यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण माझ्या ट्रंकेत तळाशी एक पिवळं पडलेलं कार्ड आहे. त्यावर माझ्याच अक्षरात दोन आकडे आहेत, त्यातला एक खोडलेला. त्या कार्डाची हकिकत एकदा सांगून टाकते.

साल साठ-एकसष्ट. नागपूरला नर्सिंग शिकून मी घाटंजीच्या एका खाजगी दवाखान्यात लागले. माहेर कळंबचं, त्यामुळे पोरगी हाकेच्या अंतरावर आहे म्हणून घरचे खूश होते. दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर होता, दोनच खोल्यांचा. पुढे डॉक्टर बसायचे. मागच्या खोलीत मी, एक लोखंडी खाट, खिडकीला लागून टेबल आणि टेबलावर पाऱ्याचं ब्लडप्रेशरचं मशीन. त्या भागात तेव्हा ते मोठं नवल होतं. लोक त्याला 'रगत मोजाची मशीन' म्हणायचे. बाजाराच्या दिवशी काहीही दुखत नसलेली माणसंसुद्धा दंड उघडा करून रांगेत उभी राहायची.

त्या दवाखान्याची मला पहिल्या दिवसापासून किळस होती. डॉक्टर सतत पान चघळायचे आणि ज्या बेसिनशेजारी मी सिरिंजा उकळायचे त्याच बेसिनमध्ये पिचकारी मारायचे. लाल ओघळ आणि त्यात सुपारीचे तुकडे. पायावरच्या जखमेला शेण लावून आलेली माणसं, कानातून पू वाहणारी पोरं, खाटेवरच ओकणाऱ्या बाया... प्रत्येक पेशंटनंतर मी लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा पेशंट असला की दोनदा. याला मी 'हायजीन' म्हणायचे. मी जातपात मानत नाही, असं चारचौघांत ठासून सांगायचे आणि तांड्यावरच्यांसाठी साबणाची वडी मात्र वेगळी ठेवायचे.

तर एका बाजाराच्या दिवशी हरसिंग नावाचा माणूस बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. बायकोचं नाव चांदीबाई. वय पस्तिशीच्या आतलं, पण चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या, आणि पाय असे की बोट दाबलं तर खड्डा पडून तसाच राहायचा. गाडीतून उतरून खाटेपर्यंत येताना ती दोनदा थांबली.

"बाई, इचं डोस्कं लय दुखते," हरसिंग म्हणाला. "घण मारल्यावानी होते म्हनते. चार पावलं चालली का दम लागते. डोयापुढं काजवे चमकते."

शिकलेल्या कुठल्याही नर्सला हे ऐकून पहिलं काय सुचावं? प्रेशर. मलाही सुचलं. मी पट्टा घेतला आणि तिची ओढणी बाजूला केली.

तिच्या दंडावर पट्टा बांधायला जागाच नव्हती. कोपरापासून खांद्यापर्यंत एकाला एक लागून पांढऱ्या-पिवळट हाडाच्या बांगड्या. तांड्यात त्याला चुडो म्हणतात. लग्नात चढवायचा आणि नवरा असेपर्यंत उतरवायचा नाही. दोन्ही हात तसेच. डाव्या दंडावरची वरून तिसरी बांगडी तडकलेली होती, तिला तांब्याची तार गुंडाळून पीळ दिलेला होता. बांगड्या थोड्या वर सरकतात का बघायला मी खाली बोट घातलं... आणि वास आला. बांगड्यांखाली अडकलेला वर्षांचा घाम, तेल, मळ, आणि सूज चढल्यामुळे काचून ओली झालेली कातडी. माझ्या बोटाला चिकट काहीतरी लागलं. मी हात झटकून खिडकीशी गेले.

"हे काढावं लागेल," मी म्हटलं.

"कसं काढाव बाई? मी जित्ता आहो न अजून!" हरसिंग हसला. त्याच्या मते मी नवीन होते, म्हणून वेड्यासारखं बोलत होते.

आता ऐका. दंडावर जमत नसेल तर मांडीवर पट्टा बांधून गुडघ्यामागे स्टेथोस्कोप लावायचा, हे मला नागपुरात शिकवलं होतं. परीक्षेत आलं होतं. मांडीचा रुंद पट्टा मशीनसोबतच आलेला होता आणि माझ्या मागच्या कपाटात कागदात गुंडाळून पडला होता. पण मांडीवर बांधायचा म्हणजे तो आरशांचा, धुळीने जड झालेला घागरा वर करायचा, त्या पायांना हात लावायचा, गुडघ्यामागे कान देऊन बसायचं. नुसत्या विचाराने मला शिसारी आली. मी कपाट उघडलं नाही.

मी घुटमळतेय हे बघून हरसिंगनेच तोड काढली. सदऱ्याची बाही वर करून त्याने स्वतःचा दंड टेबलावर ठेवला. "मंग माह्या हाताले लावा न. आमी दोघं एकाच ताटात जेवतो, एकाच घड्याचं पानी पेतो. काय फरक पडते?"

हे तो अगदी मनापासून म्हणाला. त्याला यंत्राचं काय माहीत? मला माहीत होतं. तरी मी हसले, पट्टा त्याच्या डाव्या दंडावर बांधला, पारा चढवला, उतरवला. एकशे चोवीस-ऐंशी. आणि तो आकडा मी चांदीबाईच्या कार्डावर लिहिला.

मला सांगायला लाज वाटते, पण हे पहिल्यांदा झालं नव्हतं. तांड्यावरच्या बायका आल्या की डॉक्टर तिकडूनच ओरडायचे, "लिहून टाक एकशे वीस-ऐंशी!" मी निदान कुणाचा तरी मोजलेला आकडा लिहिला, असं मी स्वतःला समजावलं. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, पानाचा तोबरा गालात सरकवला आणि म्हणाले, "नॉर्मल आहे. अशक्तपणा. लिव्हरचं इंजेक्शन दे, टॉनिक दे." कपाटात सर्पगंधेच्या गोळ्यांची बाटली भरलेली होती. प्रेशर उतरवायला त्या काळी तेच औषध होतं, आणि ते बऱ्यापैकी लागू पडायचं. बाटलीला कुणी हात लावला नाही.

चांदीबाई तोवर एक शब्द बोलली नव्हती. निघताना दाराशी थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माहं मोजलं का वो बाई?"

"मोजलं, मोजलं. जा आता," मी म्हटलं. मी तेव्हा हात धुवत होते.

तीन बाजार गेले. चौथ्या बाजारी, भर दुपारी, हरसिंग एकटाच आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खाटेवर बसला आणि म्हणाला, "चांदी गेली बाई."

पाणी आणायला गेली होती, विहिरीवरच कोसळली. तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं. दोन दिवस घोरत होती आणि मग गेली. मेंदूत रक्तस्राव... आणखी काय असणार? तो माझ्यावर रागावलेला नव्हता, याचा मला जास्त त्रास झाला.

"पडायच्या आदल्या दिवसापर्यंत म्हने, बाईनं माहं मोजलं नाही," तो म्हणाला. "म्या म्हनलं, माहं मोजलं न, तेच तुहं." मग त्याने डावा हात उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. "तिले जाळून आलो तवापासून हा हात जड झाला. कायीतरी काचते. पाहा बरं."

सदऱ्याची बाही वर केली. दंड साफ होता. सावळा, सडसडीत, एक ओरखडा नाही. मी पट्टा बांधला, पारा चढवला, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवला. नेहमीसारखा पारा एकशे साठपर्यंत नेऊन हवा सोडायला गेले, तर ठोके आधीच चालू. एकशे ऐंशी — ठोके. दोनशे — ठोके. अडीचशेपर्यंत नेला तेव्हा कुठे शांत झालं. मग हळूहळू उतरवला... दोनशे छत्तीसला पहिला ठोका. आणि प्रत्येक ठोक्यामागे दुसरा एक आवाज, हाडावर हाड आपटल्यासारखा, कट्... कट्... मी स्टेथोस्कोप कानातून काढला. खिडकीबाहेर भरला बाजार होता, मिरच्यांचा खकाणा येत होता, कुणीतरी कोंबड्यांवरून भांडत होतं. पुन्हा कानात घातला. कट्... कट्... एकशे तीसला सगळं थांबलं.

उजव्या हातावर मोजलं. एकशे चोवीस-ऐंशी. पुन्हा डाव्यावर. दोनशे छत्तीस-एकशे तीस.

मी पट्टा सोडला, आणि वास आला. तोच. घाम, तेल, मळ, ओली कातडी... त्याच्या दंडावर कोपरापासून खांद्यापर्यंत वळ उठले होते, एकाखाली एक, जांभळे, मधली कातडी फुगून पांढरी पडलेली आणि पाझरत असलेली. पट्टा होता जेमतेम सहा बोटं रुंद, आणि वळ पार खांद्यापर्यंत. वरून तिसऱ्या वळात एका जागी पीळ दिलेल्या तारेचा ठसा स्पष्ट उमटलेला होता.

मला ओकारी आली. मी बेसिनकडे धावले आणि डॉक्टरांच्या पिचकाऱ्यांवरच ओकले.

वळून पाहिलं तर हरसिंग त्या तारेच्या ठशावरून बोट फिरवत होता. "हे तार म्याच बांधली होती," तो हळूच म्हणाला. "मोजून घ्याले आली, बाई."

माझा आवाज ऐकून डॉक्टर आले. त्यांनी दंड पाहिला. नक्की पाहिला, कारण त्यांचं चघळणं थांबलं. मी दोन्ही हातांचे आकडे सांगितले. क्षणभराने ते म्हणाले, "पट्ट्याच्या घड्या उमटल्यात. पारा अडकत असेल. लिही एकशे चोवीस-ऐंशी." आणि बेसिनमध्ये पिचकारी मारून पुढच्या खोलीत निघून गेले. त्या माणसाची जेवढी घाण मला त्या क्षणी वाटली तेवढी कुठल्याच जखमेची वाटली नाही. आणि मी त्याच माळेचा मणी होते.

मी कार्डांची पेटी उघडून चांदीबाईचं कार्ड काढलं. एकशे चोवीस-ऐंशीवर काट मारली आणि खाली लिहिलं, दोनशे छत्तीस-एकशे तीस.

"किती भरलं वो बाई तिचं?" हरसिंगने विचारलं.

मी सांगितलं.

"लय होते?"

"हो. लय होतं."

"मंग... औषध होतं का त्याच्यावर?"

खोटं बोलणं सोपं होतं. माझ्या पाठीमागेच कपाट होतं.

"होतं," मी म्हटलं.

त्याने बाही खाली केली. मग उठला आणि बाजाराच्या गर्दीत गेला. माझ्या हातांना त्या दंडाचा ओलावा लागलेला होता. साबणाची वडी समोर होती. मला ती उचलवली नाही.

पुढच्या आठवड्यात मीच तांड्यावर जाऊन त्याला भेटले. वळ दुसऱ्या दिवशीच गेले होते, हात हलका झाला होता. दोन्ही दंडांवर मोजलं, सारखंच भरलं, एकशे चोवीस-ऐंशी. मांडीचा पट्टा मी सोबत नेला होता. त्या दिवशी अकरा बायकांचं मोजलं, आणि त्यानंतर त्या दवाखान्यात होते तोवर चुडोवाल्या एकाही बाईच्या कार्डावर दुसऱ्याचा आकडा लिहिला नाही. याचं मला कौतुक नको. शिकवलेलं काम मी करावं म्हणून एका बाईला मरावं लागलं.

नंतर मोठ्या हॉस्पिटलांत नोकऱ्या केल्या. हृदयरोगाच्या डॉक्टरांना नाव न सांगता ही केस विचारली. दोन हातांच्या प्रेशरमध्ये फरक पडू शकतो म्हणाले, कुठे शीर चिंबली असेल तर. एवढा? आणि आठवड्यात जुळतो? मग ते खांदे उडवायचे. वळांचं आणि तारेचं मी कुणाला विचारलंच नाही... कारण समोरचा माझ्याकडे कसा बघेल ते मला माहीत होतं. मीही तसंच बघितलं असतं.

कार्ड अजून आहे. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी हाताला लागतं, आणि दरवर्षी मी ते पुन्हा ट्रंकेत ठेवते. खाली लिहिलेला आकडा कुठून आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वर खोडलेला आकडा कुठून आला ते मला पक्कं माहीत आहे, आणि एवढी वर्षं शिसारी येते ती त्याचीच.