कंडक्टर नानांचा फोन

नानांविषयी मी लिहावं एवढी माझी लायकी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण त्या दिवशी नानांबरोबर मीच होतो, म्हणून मलाच सांगायला हवं.

नाना आमचे बोदवडचे शेजारी, एसटीत कंडक्टर. बारावीपर्यंत मी त्यांच्याच जामनेर गाडीने जायचो. शेवटचा थांबा आला की ते दारात आडवा हात लावून उभे राहत. "मांगं पाहा! बठ्ठं घेतलं का?" सगळं घेतलं ना, हे सगळ्यांनी वळून आपापल्या सीटवर पाहिल्याशिवाय तो हात निघत नसे.

"नाना, बायको तेवढी मुद्दाम सोडली," एकदा एकजण म्हणाला.

"मंग तिची पिशवी तरी ने बापा," म्हणत नानांनी मागे राहिलेली पिशवी खरंच त्याच्या हातात दिली. सगळी गाडी हसली.

बारावीच्या परीक्षेला मी त्यांच्या हाताखालून निसटून पळालो, आणि हॉल तिकीट सीटवरच राहिलं. नाना ते घेऊन थेट वर्गापर्यंत आले. रागावले नाहीत. "तुह्या डोक्यात पेपर व्हता, म्हनून राह्यलं," एवढंच म्हणाले.

ते निवृत्त झाल्यावरची गोष्ट. त्यांचे थोरले भाऊ, आबा, मुंबईच्या दवाखान्यात अत्यवस्थ झाले. आबांच्या मुलाने जळगावहून विमानाची तिकिटं काढून दिली. कुठल्या दवाखान्यात यायचं ते उतरल्यावर फोनवर सांगणार होता. मी शिकलेला, म्हणून नानांनी मला सोबत घेतलं. विमानात मीही कधी बसलो नव्हतो. ते मी कोणाला सांगितलं नाही.

तपासणीपाशी नानांनी घड्याळ, पट्टा, किल्ल्या ट्रेमध्ये ठेवल्या. फोन मात्र मुठीत घट्ट.

"साहेब, हा राहू द्या. भाऊचा फोन येईन."

"काका, ठेवावाच लागेल. पलीकडे लगेच मिळेल," जवान शांतपणे म्हणाला.

नाना माझ्याकडे पाहू लागले.

"ठेवा नाना, मी बघतो," मी म्हणालो.

पलीकडे नेमकी माझी बॅग बाजूला काढली. आईने दिलेली लोणच्याची बरणी होती. ती उघडून दाखवण्यात मी गुंतलो. पट्टा बांधता बांधता नाना जुन्या सवयीने दुसऱ्यांचे ट्रे पाहत होते. एका आजींना त्यांनी हाक मारून शाल दिली. माझं पाकीट, माझा चार्जर स्वतः उचलून माझ्या बॅगेत टाकला. "तुहं बठ्ठं आलं," म्हणाले. त्यांचं आलं का, हे मी विचारलं नाही.

विमानात फोन बंद करायला सांगितलं, तेव्हा नानांचा हात खिशात गेला. मग दुसऱ्या खिशात. दार लागलं होतं. उतरल्यावर चौकशी करू, असं हवाईसुंदरी म्हणाली. "काही नाही, काही नाही," नाना म्हणत राहिले. मी माफी मागायला तोंड उघडलं की ते खिडकीकडे तोंड करत.

मुंबईत उतरलो, पण जायचं कुठे? गाडीच्या सगळ्या फेऱ्यांच्या वेळा नानांना पाठ होत्या, पुतण्याचा नंबर नव्हता. मी नानांच्याच फोनवर दीड तास फोन लावत राहिलो. शेवटी जळगावच्या विमानतळावरच्या एका बाईंनी उचलला. "ट्रेमध्ये राहिला होता. जपून ठेवलाय. सारखा वाजत होता हो," त्या म्हणाल्या, आणि त्यातून शोधून त्यांनी पुतण्याचा नंबर दिला.

"मोठ्या आवाजावर लाव," नाना मला म्हणाले.

"काका, विमान कधीच उतरलं, होतात कुठे?" पलीकडून पुतण्या म्हणाला. "आबा शुद्धीवर आले होते. 'नानाले लाव' म्हणाले. मी चारदा लावला, फोन त्यांच्या कानाशी धरला. 'वाजून राह्यला, पन उचलत नाही,' म्हणे. काका, आबा गेले. पाऊण तास झाला."