नैवेद्याचे पपनस

आम्ही दोघी बहिणी ज्या गर्भाशयात वाढलो, ते आता धाकटीच्या पोटात आहे. ती जन्मली ती गर्भाशयाविना. आईने स्वतःचे दिले, शस्त्रक्रिया भारतात झाली आणि ते वर्षभर टिकले. शरीराने ते परके मानू नये म्हणून ती रोज ठरल्या वेळी गोळ्या घेते. गोठवलेला गर्भ तिकडेच होता. गणपतीनंतर तो पोटात सोडायचा होता. तिकिटे काढून झाली होती.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. औषधाची पातळी फार वर गेली होती, किडनीवर ताण दिसत होता. डॉक्टरांनी भारतातून फोनवर सांगितले, पातळी उतरली नाही तर येऊ नका.

इकडे परदेशात, चोआ चू कांगच्या तिच्या फ्लॅटमध्ये मी गोळ्यांची पाकिटे तपासली. एकही जादा गेली नव्हती.

“बाहेरचं काही खाल्लंस?”

“ताई, हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांकडे बघतही नाही गं मी.”

“सर्दीची वगैरे एखादी गोळी?”

“नाही म्हटलं ना! मुलाखत घेतेयस का माझी?”

“पुरे झालं,” आई म्हणाली. “पोरीला आधी खाऊ दे.” तिने वाटी पुढे सरकवली. वाटीत पपनसाच्या सोललेल्या फोडी होत्या.

कोकणात आमच्या घरी गणपतीपुढे पपनस असतेच. इथे बाजारात भलीमोठी मिळाली म्हणून आईने हौसेने आणली. गणपती बसल्यापासून धाकटी रोज प्रसाद म्हणून तेच खात होती.

मी वाटी मागे ओढली. डॉक्टरांनी ग्रेपफ्रूट वर्ज्य सांगितले होते. ते आमच्या घरात कधी आलेच नव्हते, त्यामुळे पथ्य पाळल्याचे समाधान सगळ्यांना होते.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पपनस त्याच जातीचे, त्याने औषध रक्तात साचते. त्यांनी गोळी कमी करून दिली आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले.

“अगं, बाप्पाचा प्रसाद...” आई एवढेच म्हणाली.

“असू दे गं,” धाकटी म्हणाली. “गर्भाशय दिलंस, वर औषधही वाढवून दिलंस.”

कोणी हसले नाही.

ते दोन दिवस आईने फोन वाजला की खोली सोडली. नवा रिपोर्ट आला तेव्हाही ती स्वयंपाकघरात होती. पातळी उतरली होती, किडनी ठीक होती. डॉक्टरांचा निरोप एका शब्दाचा होता: या.

मी सांगायला आत गेले. आईने दार लोटून घेतले होते. उरलेले पपनस ती एकटीच उभ्याने संपवत होती. प्रसाद टाकत नाहीत.

“उतरली,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, शेवटची फोड तोंडात टाकली आणि सुरी साबणाने दोनदा धुतली.