शनिवारचं तेल आणि वरुणरावांचं डोकं

आमच्या गल्लीत आधी तिळाच्या तेलाचा वास येतो, मग वरुणराव येतात. पापनाशमच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ. शनिवारी पुरुषानं तेल लावून न्हायलं नाही, तर शनी दारात येऊन बसतो, हे त्यांचं ठाम मत.

यंदा मात्र शनी पोटातच शिरला. मोठ्या आतड्याला जखमा झाल्या, रक्त जाऊ लागलं, औषधं पुरेनात. डॉक्टर म्हणाले, "औषधांच्या जोडीला एक प्रयत्न करू. दाबाच्या पेटीत झोपून शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. खात्री देत नाही. जखमा भरल्या नाहीत, तर आतडं काढून पोटावर पिशवी लावावी लागेल."

पिशवीचा धसका घेऊनच वरुणराव त्या काचेच्या पेटीत शिरले. दाब वाढला की कानांना दडे बसतात, म्हणून जांभया द्यायच्या. तिरुवैयारुच्या संगीत उत्सवात पहिल्या रांगेत बसून जांभया देणारा माणूस हा! "तुमची विद्या अखेर कामी आली," त्यांच्या पत्नी श्रीलक्ष्मीवहिनी म्हणाल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग शनिवार आला.

पेटी सांभाळणाऱ्या हरितानं नाक वर केलं. "सार, तेल?"

"शिकेकाईनं धुतलंय, अम्मा."

"आत ऑक्सिजन असतो. तेल पेट घेईल! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, तेल नको म्हणून?"

"मला वाटलं खोबरेल. तिळाचं म्हणजे औषध की!"

पेटी मिळाली नाही. घरी पुन्हा पुन्हा न्हाणं झालं. दुसऱ्या दिवशी हरितानं कापसाचा बोळा डोक्यावर फिरवला, तो पिवळा निघाला.

"जन्मभर मुरलेलं लोणचं आहे हे," वहिनी म्हणाल्या, "एका धुण्यात कसं सुटेल?"

डॉक्टरांनी बजावलं, असा खंड पडत राहिला तर उपचार थांबवून ऑपरेशनचंच बोलू. वरुणराव उठले, ते थेट न्हाव्याकडे गेले. परतले ते गुळगुळीत मोट्टै होऊन.

आमच्याकडे असं मुंडण एक तर तिरुपतीच्या नवसाचं, नाहीतर घरात कुणी गेल्याचं. तिरुपतीला तर कुणी गेलं नव्हतं. गल्ली लांब चेहरे करून जमली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून मीही इडल्यांचा डबा घेऊन गेलो.

"कोण गेलं, वहिनी?"

"यांचे केस! डबा ठेवून जा, रडायचं ते घरी रडा."

पुढचे उपचार एकही दिवस न चुकता झाले. मग दुर्बिणीतून तपासणी झाली. जखमा भरत आल्या होत्या. औषधं चालू ठेवा, आतडं राहू दे, असं डॉक्टर म्हणाले. पेटीही सुटली.

त्या संध्याकाळी कोपऱ्यावर कुणीतरी दबक्या आवाजात विचारलंच, "कोण हो गेलं?"

वरुणरावांनी टकलावरून हात फिरवला. "निघालं होतं एक जण. राहिलं."

शनिवारी गल्लीत पुन्हा तेलाचा वास आला. मागोमाग ते डोकं आलं. उन्हात इतकं चमकत होतं, की बघवेना.