सुभान नावाच्या माणसांच्या वाटेने

पुण्याहून नगरच्या एसटीत खिडकीजवळ बसले तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं होतं, भाच्याचं नाव सुभानच राहील. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ती आत्या मी. वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांचं नाव घरात पुन्हा घुमावं, एवढीच माझी इच्छा होती आणि धाकट्या भावाचं पत्र आलं, ‘हिराला हे नाव नको आहे.’ हिरा त्याची बायको. नको म्हणजे काय? सिनेमातलं एखादं गुळगुळीत नाव डोक्यात असणार, असं मी धरून चालले. आमच्या भागात सुभान नावाची एकाहून एक माणसं होऊन गेली. वाटेवर त्या सगळ्यांचं दर्शन घ्यायचं, त्यांची थोरवी गोळा करायची आणि भावजयीला गप्प करायचं, असा माझा बेत होता.

पहिली उतरले केडगावला. दुष्काळाचं साल. सडकेच्या कडेला बाया खडी फोडत होत्या, विहिरींचे तळ उघडे पडले होते. सुभानजी शिलेदाराची समाधी एका शेतात आहे, चार दगड आणि वर कडुनिंब. शेताच्या मालकानं पायातल्या वहाणा काढून मला तिथवर नेलं.

“घोडं पडलं तरी ह्यो उभाच हुता म्हनं,” तो म्हणाला. “म्हनून आमच्याकडं लई सुभान हायती. पोरगं दांडगं व्हावं म्हनून ठेवत्यात.”

मी मनातल्या मनात म्हटलं, ऐक हिरा, ऐक.

नगरात दुसरा सुभान. हा सुलतानी काळातला मिस्त्री. डोंगराचं पाणी खापरी नळानं (भाजलेल्या मातीचे तुकडे एकात एक बसवून केलेला नळ) यानं शहरात आणलं, असं सांगतात. त्याच्या थडग्यावर हिरवी चादर होती आणि हिंदू बायांनी ठेवलेले नारळही होते. मुजावराला (थडग्याची देखभाल करणाऱ्याला) मी सांगितलं, “माझ्या वडिलांचं नाव सुभान.”

“मंग तुमी आमच्याच की,” म्हातारा हसला आणि मला ओंजळभर खडीसाखर दिली. दुपारी स्टँडजवळच्या खाणावळीत शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वळून रश्शात शिजवलेली वेटोळी) खाल्ले. सोबत लाल मिलोची (दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची) भाकरी होती, ती काही केल्या घशाखाली उतरेना.

कर्जतच्या गाडीनं मिरजगावजवळ दगा दिला. टायर बसलं. माझ्या मात्र ते पथ्यावरच पडलं, कारण तिसरा सुभान तिथलाच, नामांकित पैलवान. कंडक्टरनं घर दाखवलं. ओसरीवर पैलवानाची म्हातारी बायको शेंगा फोडत होती, सून झाडत होती. मी सहज विचारलं, “पैलवानांचं घर हेच ना? त्यांचं नाव काय होतं?” नाव मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं पदर तोंडाला लावला. एकीचा नवरा, दुसरीचा सासरा. दोघींनाही नाव घ्यायची चोरी. शेवटी कंडक्टर रस्त्यावरून म्हणाला, “अवो बाई, सुभान पैलवान!” दोघी हसल्या, मीही हसले. पुढं म्हातारीनं त्यांच्या कुस्त्या तास-दीड तास सांगितल्या, पण सगळ्या ‘ह्यांनी’ मारलेल्या.

गावी पोचले ती दारातच हिराला म्हणाले, “सुभान नावात वाईट काय आहे ते मला सांग. मी तीन सुभान पाहून आलेय.”

तिनं बाळाला मांडीवर घेतलं. “वन्सं, नाव चांगलंच हाय. पर मामंजींचं नाव मी कसं घेऊ? तुमी सगळी त्याला सुभान म्हनाल. मी काय म्हनू?”

“बाळ म्हण.”

“माझ्या भावाला आज्याचं नाव हुतं. आयनं त्याला जन्मभर ‘अरे’ म्हनून हाक मारली. त्यो तापानं गेला, तवा बी ‘अरे, अरे’ म्हनूनच रडली.”

माझी मलाच लाज वाटली. सिनेमाचं नाव म्हणे! गोळा करून आणलेली सगळी थोरवी त्या पोरीपुढं फुकट गेली.

पण नाव मी सोडणार नव्हते, आणि हिराचं तोंडही बांधू देणार नव्हते. आत माझ्या आईकडं गेले, हिराला नाव घेऊ दे म्हणाले. आईनं उडवून लावलं. “सुनंनं सासऱ्याचं नाव घ्यायचं? आजवर कुनी घेतलंय का?”

दुसऱ्या दिवशी बारसं. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला. मी कानाशी वाकले आणि माझ्या पाठीत धपाटे घालायला बाया मुठी वळून उभ्या राहिल्या. मी नाव सांगितलंच नाही. तशीच वाकून म्हणाले, “आई, हिरा त्याला नावानं हाक मारील. तू हो म्हण, मग मी सांगते.”

“चार बायांत शोभा करतीस व्हय?”

“करते.”

माझी कंबर भरून आली, पण मी हलले नाही. बऱ्याच वेळानं आई उठली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते नाव कधी घेतलं नव्हतं. ती पाळण्याशी आली आणि अगदी हळू म्हणाली, “सुभान.” मग डोळे पुसत सुनेकडं वळली. “आता तू घे.”

हिराच्या तोंडून शब्द फुटेना. मी बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगितलं. पाठीत धपाटे बसले, जरा जास्तच जोरात.

परत निघताना मनात एकच येत होतं. शिलेदाराला, मिस्त्रीला, पैलवानाला सगळा मुलूख नावानं ओळखतो. त्यांच्या घरातल्या बायांनी ते नाव नुसतं ऐकलं. मी पिशवी उचलून अंगण ओलांडलं तेव्हा माजघरातून हिराचा आवाज आला.

“सुभान.” थोडं थांबून पुन्हा, “सुभान, ए सुभान.”

बारा दिवसांचं पोर काय ओ देणार? तरी ती हाका मारीतच होती.